स्मॉल क्लेम्सच्या सुनावणीपूर्वी कागदपत्रे कशी लावावीत आणि प्रतिवादीकडे कशी पोहोचवावीत?

अर्धवट_न्हाणीघर

नमस्कार. इंग्लंडमधील काउंटी कोर्टात मी वकील न लावता एका बांधकाम ठेकेदाराविरुद्ध दावा लावला असून तो स्मॉल क्लेम्स ट्रॅकवर, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांसाठीच्या साध्या पद्धतीवर, गेला आहे. न्हाणीघराचे संपूर्ण काम ४,२०० पौंडांत करून देण्याचे ठेकेदाराने लेखी कोटेशनमध्ये कबूल केले होते. त्यांपैकी ३,००० पौंड मी बँकेतून दिले. त्यानंतर फरशी अर्धीच बसवून आणि शॉवरमागच्या भिंतीला पाणी झिरपू नये म्हणून द्यायचा थर न देताच तो काम सोडून गेला. दुसऱ्या कारागिराकडून ते काम पुरे करून घेण्यास २,६५० पौंड लागले आणि तेवढ्याच रकमेचा माझा दावा आहे. टेलिफोनवर झालेल्या मध्यस्थीतून काही निष्पन्न झाले नाही.

आता सुनावणीची नोटीस आली आहे. तारीख पुढच्या महिन्यात २० तारखेला, शुक्रवारी आहे. ज्या कागदपत्रांचा आधार घ्यायचा आहे ती सर्व सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी कोर्टात दाखल करावीत आणि प्रतिवादीला पोहोचवावीत, असे तीत म्हटले आहे. माझ्या अडचणी अशा आहेत. ठेकेदाराशी झालेला व्हॉट्सॲपवरील संवाद फार मोठा आहे. तो सगळा छापून द्यावा की निवडक द्यावा? ठेकेदाराने जागा बदलली असल्याचे ऐकिवात आहे, पण त्याने मला तसे कळवलेले नाही. मग कागद कोणत्या पत्त्यावर पाठवायचे, आणि ईमेलने पाठवले तर चालते का? दुसऱ्या कारागिराने 'आधीचे काम अत्यंत निकृष्ट होते' असे पत्र दिले आहे. ते जोडता येईल का? ठेकेदार हत्यारे घेऊन निघून गेला त्या दिवशी घरी फक्त माझ्या सासूबाई होत्या आणि त्यांना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. शिवाय मध्यस्थीच्या वेळी तो ९०० पौंड द्यायला तयार झाला होता, म्हणजे त्याने एक प्रकारे चूक मान्यच केली. हे न्यायाधीशांना सांगावे का?

फायलीतला_माणूस

अशा दाव्यांचे कागद लावून देण्याचे काम मी एका मोफत सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून बरीच वर्षे करत आहे. मी वकील नाही, त्यामुळे पुढील मजकूर त्या मर्यादेत वाचावा.

प्रथम नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, कारण तुमच्या दाव्यात न्यायाधीशांनी जे निर्देश दिले असतील तेच अंतिम असतात आणि एखाद्या निर्देशाचा आमच्यासारख्यांच्या सर्वसाधारण सल्ल्याशी मेळ बसत नसेल तर सल्ला बाजूला ठेवायचा असतो. काही निर्देशांत पानांची कमाल मर्यादा घातलेली असते, काहींत साक्षीदारांची निवेदने वेगळ्या तारखेला मागवलेली असतात, तर दावा ऑनलाइन खात्यातून चालत असल्यास कागद तेथेच चढवायला सांगितलेले असते. त्याच नोटिशीत सुनावणीची फी भरण्याची शेवटची तारीखही असते. ती फी वेळेत भरली नाही, किंवा उत्पन्न कमी असल्यास फीमाफीचा अर्ज त्या मुदतीत केला नाही, तर दावा रद्द होतो आणि मग कागद कितीही नेटके लावले तरी त्यांचा उपयोग राहत नाही. म्हणून ती तारीख आधी पाहावी.

आता कागदांविषयी. साधारणपणे १०,००० पौंडांपर्यंतचे दावे या ट्रॅकवर चालतात आणि दिवाणी प्रक्रिया नियमांचा २७ वा भाग त्यांना लागू होतो. त्यात सुनावणी अनौपचारिक असावी, पुराव्याचे काटेकोर नियम लागू नसावेत, साक्ष शपथेवर घेण्याची सक्ती नसावी आणि न्याय्य वाटेल ती पद्धत न्यायाधीशांनी वापरावी, अशी तरतूद आहे. यावरून अनेकांचा समज होतो की कागद कसेही नेले तरी चालतात. प्रत्यक्षात मात्र ही मोकळीक न्यायाधीशांच्या सोयीसाठी आहे. तुमच्या वाट्याला तास-दोन तास येणार, त्यातला अर्धा प्रतिवादीचा, आणि न्यायाधीशांनी तुमची फाइल कदाचित त्याच दिवशी सकाळी प्रथम उघडलेली असणार. त्यामुळे हवा तो कागद त्यांना कोणाला न विचारता सापडला पाहिजे, हीच संच लावण्याची कसोटी समजावी.

तुम्हाला तीन गोष्टी दाखवायच्या आहेत: काय ठरले होते, त्यातले काय झाले नाही, आणि त्यामुळे तुमचे किती नुकसान झाले. प्रत्येक कागद हातात घेऊन तो या तिन्हींपैकी कशाला उपयोगी पडतो ते पाहावे आणि कशालाच पडत नसेल तर तो घरी ठेवावा. व्हॉट्सॲपलाही हेच लागू आहे. 'उद्या येतो', 'गाडी बंद पडली', 'दूधवाल्याला बाजूला व्हायला सांगा' असे निरोप छापून काही साधत नाही. पण किंमत ठरली ते, पैसे मिळाल्याची कबुली, भिंतीच्या थराविषयी तुम्ही विचारलेला प्रश्न व त्याचे उत्तर, आणि शेवटचे निरोप हे हवेतच. मात्र निवड करताना एखाद्या संभाषणाच्या मधल्याच ओळी उचलू नयेत. ज्या दिवसाचा निरोप द्यायचा, त्या दिवसाचा संपूर्ण संवाद द्यावा, तुम्हाला न आवडणाऱ्या ओळींसकट. उरलेला संवाद फोनमध्ये जपून ठेवावा आणि फोन सुनावणीला सोबत न्यावा.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण ती बहुतेकांकडून सुटते. पडद्याचे चित्र छापले की वर नाव दिसते ते तुम्ही फोनमध्ये जतन केलेले असते. 'बाथरूमवाला' असे नाव असलेल्या माणसाने निरोप पाठवला, एवढ्यावरून तो प्रतिवादीनेच पाठवला असे सिद्ध होत नाही. म्हणून त्या संपर्काचा क्रमांक दाखवणारे एक पान छापावे आणि त्याच्या लगेच नंतर ठेकेदाराचे कोटेशन लावावे, ज्यावर तोच क्रमांक छापलेला असेल. दोन पाने शेजारी आली की वादच उरत नाही. निरोपांवर तारीख व वेळ दिसत असल्याचीही खात्री करावी, कारण अनेक फोनमध्ये पडदा वर सरकवला की तारीख नाहीशी होते.

बँकेच्या विवरणपत्रातील तुमचे इतर व्यवहार काळ्या शाईने झाकता येतात, पण वरचे नाव, खात्याचे शेवटचे काही अंक, व्यवहाराची तारीख आणि रक्कम उघडी ठेवावी. छायाचित्रे रंगीत छापावीत आणि प्रत्येकाखाली कोणत्या भिंतीचे, कोणत्या दिवशी व कोणी काढले ते लिहावे. फटीशेजारी मोजपट्टी धरून काढलेले एक चित्र दूरून काढलेल्या अनेक चित्रांपेक्षा उपयोगी ठरते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

क्रम असा ठेवावा: सर्वांत वर अनुक्रमणिका, मग दाव्याचा अर्ज आणि प्रतिवादीचे उत्तर, मग कोर्टाचे निर्देश, मग तुमचे निवेदन, आणि त्यानंतर तारखेच्या क्रमाने बाकीचे कागद. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच सलग क्रमांक घालावा. हे क्रमांक सर्व प्रतींवर सारखेच असले पाहिजेत, म्हणून आधी एका प्रतीवर क्रमांक घालून मगच तिच्या प्रती काढाव्यात. चार प्रती लागतात: कोर्टाची, प्रतिवादीची, तुमची, आणि साक्षीदार येणार असल्यास त्याच्यापुढे ठेवण्याची. मूळ कागद मात्र कोणालाही देऊ नयेत. ते सुनावणीच्या दिवशी घेऊन यायचे असतात.

निवेदन म्हणजे वकिली युक्तिवाद नव्हे. परिच्छेदांना क्रमांक द्यावेत आणि जे घडले ते तारखांसह, पानांचा हवाला देत लिहावे. उदाहरणार्थ: '९ तारखेला सकाळी प्रतिवादीने सामान आणायला जात असल्याचा निरोप पाठवला, पान २३, त्यानंतर तो परत आला नाही, आणि मी १०, १२ व १५ तारखेला पाठवलेल्या निरोपांना उत्तर मिळाले नाही, पाने २४ ते २६.' 'फसवणूक', 'लुबाडणूक' असे शब्द टाळावेत. ते सिद्ध करण्याचा बोजा उगाच अंगावर येतो. निवेदनाच्या शेवटी सत्यतेचे वाक्य, म्हणजे स्टेटमेंट ऑफ ट्रुथ, घालून सही व तारीख करावी. या वाक्याचा २०२० पासूनचा नमुना दोन भागांचा आहे: मजकूर खरा आहे असे मी मानतो, आणि प्रामाणिक विश्वास नसताना खोटे विधान करणाऱ्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते हे मला समजते. इंटरनेटवरच्या जुन्या नमुन्यांत दुसरा भाग नसतो, म्हणून तेथून उतरवून घेऊ नये.

दुसऱ्या कारागिराच्या पत्राबद्दल सावध राहावे. कोर्टाच्या परवानगीशिवाय तज्ज्ञाचा पुरावा देता येत नाही, तो लेखी असो की तोंडी. आलो तेव्हा काय पाहिले, काय उखडावे लागले, काय नव्याने बसवले आणि किती पैसे घेतले, हे त्याने सांगितले तर ते वस्तुस्थितीचे कथन ठरते. 'काम निकृष्ट होते' हे मत झाले. त्याच्याकडून पत्र पुन्हा लिहून घ्यावे, मतप्रदर्शनाला फाटा द्यावा आणि त्याच्या पावत्या सोबत लावाव्यात. थर दिलेला नव्हता हे त्याने डोळ्यांनी पाहिले असेल तर तेवढे वाक्य पुरेसे आहे. त्याचा अर्थ न्यायाधीश लावतील.

मध्यस्थीतला ९०० पौंडांचा प्रस्ताव कोठेही लिहू नये, अनुक्रमणिकेतही नाही. २०२४ च्या मे महिन्यापासून अशा पैशांच्या दाव्यांत टेलिफोनवरील मोफत मध्यस्थी सक्तीची झाली आहे. तेथे झालेले बोलणे गोपनीय असते आणि ते सुनावणी घेणाऱ्या न्यायाधीशांपर्यंत जायचे नसते. 'विदाउट प्रेज्युडिस' (म्हणजे हे कोर्टात आपल्याविरुद्ध वापरायचे नाही) असे लिहून तडजोडीसाठी झालेल्या पत्रव्यवहारालाही हेच लागू आहे. तडजोडीची तयारी म्हणजे चुकीची कबुली, असे कायदा मानत नाही, आणि तसे मानले असते तर तडजोडीला कोणीच बसले नसते.

उंबरठा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात फक्त बजावणीचा, म्हणजे कागद प्रतिवादीकडे रीतसर पोहोचवण्याचा, आणि दिवस मोजण्याचा भाग जोडतो, कारण लोक सर्वाधिक अडखळतात ते तेथेच.

'किमान १४ दिवस आधी' याचा अर्थ १४ पूर्ण दिवस मध्ये गेले पाहिजेत असा होतो. सुनावणीचा दिवस धरायचा नाही आणि कागद पोहोचण्याचा दिवसही धरायचा नाही. दिवाणी प्रक्रिया नियमांच्या दुसऱ्या भागात याचे उदाहरणच दिलेले आहे आणि योगायोगाने तेही शुक्रवार २० तारखेचे आहे: अर्जाची नोटीस ३ दिवस आधी पोहोचायची असेल तर शेवटचा दिवस सोमवार, १६ तारीख. त्याच हिशेबाने तुमच्यासाठी ६ ते १९ हे चौदा दिवस मोकळे राहिले पाहिजेत, म्हणजे शेवटचा दिवस गुरुवार, ५ तारीख. सहा तारखेला पोहोचलेला संच एक दिवस उशिराचा ठरतो. निर्देशांत थेट तारीख व वेळ दिलेली असेल तर हा हिशेब करायची गरज नाही, ती तारीख पाळावी.

पोहोचण्याचा दिवस तुम्ही किंवा पोस्टमन ठरवत नाही, नियम ठरवतो. फर्स्ट क्लास पोस्टाने पाठवलेला कागद टाकल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी पोहोचला असे मानले जाते, तो दिवस कामकाजाचा असल्यास. शनिवार, रविवार किंवा सार्वजनिक सुट्टी आल्यास त्यापुढच्या कामकाजाच्या दिवशी. म्हणजे मंगळवारी ३ तारखेला टाकलेला संच गुरुवारी ५ तारखेला पोहोचला असे धरले जाईल, पण बुधवारी टाकलेला ६ तारखेचा ठरेल, मग तो प्रत्यक्षात गुरुवारी सकाळीच दारात पडलेला असला तरी. सेकंड क्लास पोस्ट या नियमात बसत नाही, हे पैसे वाचवणाऱ्यांनी विसरू नये. स्वतः नेऊन पत्त्यावर ठेवला तर कामकाजाच्या दिवशी दुपारी साडेचारपूर्वी ठेवलेला त्याच दिवशीचा, नंतरचा पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा. ईमेललाही हीच साडेचारची वेळ आहे. माझे मत विचाराल तर शेवटच्या दिवसावर न जाता आदल्या आठवड्यातच संच पाठवून मोकळे व्हावे.

ईमेलने पाठवता येते, पण समोरच्याने त्या मार्गाने कागद स्वीकारण्याची लेखी तयारी आधी दाखवलेली असली पाहिजे. त्याने कोर्टात दाखल केलेल्या उत्तरावर ईमेलचा पत्ता दिलेला असेल तर ती तयारी समजली जाते. कोटेशनवरचा किंवा व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता मात्र त्यासाठी पुरत नाही. उत्तरावर पत्ता असला तरी फाइलच्या आकाराची किंवा प्रकाराची काही मर्यादा आहे का, हे पाठवण्यापूर्वी विचारावे लागते. एवढे सगळे जमून येत नसेल तर पोस्टच बरे.

पत्ता बदलल्याची चिंता करू नये. प्रत्येक पक्षाने कागद स्वीकारण्यासाठी पत्ता द्यायचा असतो आणि तो बदलल्यास कोर्टाला व दुसऱ्या पक्षाला लेखी कळवण्याची जबाबदारी त्याचीच असते. त्याने तसे कळवलेले नाही, म्हणून उत्तरात दिलेल्या पत्त्यावरच पाठवावे. नवा पत्ता खात्रीने ठाऊक असेल तर तेथे जादा प्रत पाठवण्यास हरकत नाही, पण जुन्या पत्त्याऐवजी नव्हे.

पोस्टाच्या खिडकीवर पाकीट दिले की पाठवल्याचा दाखला मोफत मिळतो. त्यावर पत्ता व तारीख असते. तो मागून घ्यावा, फोटो काढावा आणि सुनावणीला न्यावा. सही घेऊन दिल्या जाणाऱ्या पोस्टाचा आग्रह मी धरत नाही, कारण ज्याला कागद नको असतात तो सही करायला दार उघडत नाही आणि पाकीट परत येते. मग पाठवल्याचा पुरावा हातात असूनही नाहक वाद सुरू होतो. कोर्टाकडे पाठवताना वर दाव्याचा क्रमांक, दोन्ही पक्षांची नावे आणि सुनावणीची तारीख ठळक लिहावी. मोठा संच ईमेलने पाठवल्यास कोर्टाचे कार्यालय तो छापून न्यायाधीशांपुढे ठेवीलच असे धरून चालू नये. छापील संच द्यावा, आणि जवळ राहत असाल तर स्वतः नेऊन द्यावा.

अर्धवट_न्हाणीघर

दोघांचेही मनापासून आभार. दिवसांचा हिशेब माझ्या लक्षात आलाच नसता, मी ६ तारीख धरून चालले होते. ठेकेदाराच्या उत्तरावर ईमेल नाही, तेव्हा पोस्टानेच पाठवीन. सासूबाईंच्या साक्षीचे मात्र कळले नाही. त्यांचे निवेदन मी इंग्रजीत लिहून त्यांची सही घेतली तर चालेल का?

दुसरी_बाजू

मी स्वतः एका अशाच दाव्यात प्रतिवादी होतो आणि दावा माझ्याविरुद्ध अंशतः मंजूर झाला, त्यामुळे समोरच्या खुर्चीतून दिसलेल्या एक-दोन गोष्टी सांगतो. मला आलेला वादीचा संच जाडजूड होता आणि त्यात एकच कोटेशन निरनिराळ्या ठिकाणी जोडलेले होते. तो वाचताना माझी भीती वाढण्याऐवजी कमी झाली, कारण इतक्या कागदांमागे नेमका मुद्दा कोणता हे वादीलाही ठरवता आलेले नाही, असे वाटले. ज्या एका पानाने माझी बाजू पडली ते पान म्हणजे रकमेचा साधा हिशेब होता.

त्यावरून तुमच्या रकमेकडे लक्ष वेधावेसे वाटते. कोटेशन ४,२०० पौंडांचे, तुम्ही दिलेले ३,०००. म्हणजे १,२०० पौंड तुम्हाला द्यावे लागले नाहीत. दुसऱ्या कारागिराला दिलेल्या २,६५० मधून ते वजा केल्यास तुमचे खरे नुकसान १,४५० पौंड होते. त्याने काम पूर्ण केले असते तर तुमचे ४,२०० गेलेच असते, प्रत्यक्षात ५,६५० गेले, फरक तेवढाच. ठेकेदार इतर काही बोलो न बोलो, हे नक्की बोलेल. मी तुमच्या जागी असतो तर निवेदनातच ही वजावट स्वतः दाखवून १,४५० पौंड, त्यावरील व्याज आणि कोर्टाची फी एवढीच मागणी ठेवली असती. न्यायाधीशांनी तो आकडा शोधून काढण्यापेक्षा तुम्ही तो समोर ठेवणे केव्हाही चांगले. कारागिराने कोटेशनमध्ये नसलेले काही काम केले असेल, उदाहरणार्थ नवा आरसा किंवा चांगल्या प्रतीचे नळ, तर तेही वेगळे काढावे.

खर्चाबाबतही फार आशा ठेवू नये. या ट्रॅकवर जिंकणाऱ्यालाही वकिलाची फी सहसा मिळत नाही. बुडालेल्या रोजगारासाठी दिवसाला जास्तीत जास्त ९५ पौंड आणि प्रवासाचा वाजवी खर्च मागता येतो, म्हणून पगाराची पावती व तिकिटे जपावीत. एखादा पक्ष गैरवाजवी वागला असे न्यायाधीशांना वाटले तर मात्र त्याच्यावर खर्च बसू शकतो, आणि कागद मुद्दाम शेवटच्या क्षणी देणे त्यात मोडू शकते.

फायलीतला_माणूस

वजावटीचा मुद्दा माझ्याकडून सांगायचा राहिला होता, तो अगदी योग्य आहे. हिशेबाचे ते पान निवेदनाच्या लगेच मागे लावावे.

सासूबाईंबद्दल: निवेदन इंग्रजीत लिहून त्यावर सही घेऊ नये. साक्षीदाराचे निवेदन त्याच्या स्वतःच्या भाषेत आणि शक्य तितके त्याच्याच शब्दांत असावे, असा दिवाणी दाव्यांतला सर्वसाधारण दंडक आहे. स्मॉल क्लेम्सला तो भाग काटेकोरपणे लागू नसला तरी त्यामागचा विचार लागू आहेच. जो मजकूर सही करणाऱ्याला वाचता येत नाही त्याच्या खरेपणाची हमी तो कशी देणार, असा प्रश्न न्यायाधीश पहिल्याच मिनिटाला विचारू शकतात. म्हणून त्यांनी मराठीत सांगावे, ते मराठीत लिहून घ्यावे, सत्यतेचे वाक्यही मराठीत घालावे आणि त्यांनी सही करावी. त्यासोबत इंग्रजी भाषांतर जोडावे आणि भाषांतर करणाऱ्याने ते अचूक असल्याचे लिहून सही करावी. भाषांतर तुम्ही किंवा तुमच्या पतींनी करू नये, दाव्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडून करून घ्यावे. संचात दोन्ही लावावीत, आणि प्रतिवादीच्या प्रतीतही दोन्ही असावीत.

त्या सुनावणीला येणार असतील तर दुभाष्याची गरज असल्याचे कोर्टाला आत्ताच लेखी कळवावे आणि व्यवस्था कोण करणार ते विचारून घ्यावे. घरच्या माणसाने भाषांतर करावे हे न्यायाधीश मान्य करतीलच असे नाही. परंतु त्याआधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा: त्यांची साक्ष खरोखर लागते का? ठेकेदार त्या दिवशी निघून गेला हे त्याच्या स्वतःच्या निरोपावरून दिसतेच आहे. त्याच्या उत्तरात तो काय म्हणतो? 'मला घरातून जायला सांगितले' असा त्याचा बचाव असेल तर सासूबाईंची साक्ष कळीची आहे. तसा नसेल तर वयस्कर बाईंना कोर्टापर्यंत नेण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

अर्धवट_न्हाणीघर

त्याचा बचाव नेमका तोच आहे. 'घरातील वृद्ध महिलेने मला निघून जाण्यास सांगितले' असे त्याने लिहिले आहे. सासूबाई म्हणतात की त्यांनी त्याला फक्त चहा विचारला होता.

फायलीतला_माणूस

मग त्यांना न्यावेच लागेल, आणि निवेदनात ते अगदी त्यांच्या शब्दांत येऊ द्यावे: तो काय बोलला, त्यांना त्यातले काय समजले, त्या काय बोलल्या, कोणत्या भाषेत बोलल्या, हातवारे केले का. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, ही वस्तुस्थितीच येथे सर्वांत बोलकी आहे. तिला विशेषणांनी सजवू नये. त्यांना काही कारणाने येता आले नाही तरी लिखित निवेदन न्यायाधीश पाहू शकतात, पण प्रश्न विचारता न आलेल्या साक्षीला वजन कमी दिले जाते.

उंबरठा

एक शंका कोणी विचारली नाही, पण ती उद्भवतेच: प्रतिवादीचे कागद मुदतीत आले नाहीत तर काय करावे? त्याच्या कागदांची वाट पाहत आपला संच अडवून ठेवू नये. दोघांची मुदत स्वतंत्र आहे. पाचवी तारीख उलटूनही काही आले नाही तर त्याला व कोर्टाला एक छोटे पत्र पाठवून तशी नोंद करून ठेवावी. उशिरा कागद आलेच तर पाकिटावरील पोस्टाच्या शिक्क्यासह पाकीट जपावे आणि प्रत्येक कागद वाचून घ्यावा. सुनावणीच्या सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात हातात ठेवलेल्या कागदांनाही हेच लागू आहे. ते न वाचता परत करू नयेत. आत गेल्यावर न्यायाधीशांना सुरुवातीलाच सांगावे की हे कागद अमुक दिवशी मिळाले. संबोधन साधे 'जज' असे करावे, डिस्ट्रिक्ट जजसाठी २०२२ च्या डिसेंबरपासून तीच पद्धत आहे. कागद वगळावेत, की वाचायला थोडा वेळ द्यावा, की तारीख पुढे ढकलावी, यांपैकी आपल्याला काय हवे ते आधीच ठरवून जावे. कागद दोन-चार पानांचे असतील आणि त्यांत नवीन काही नसेल तर तारीख पुढे ढकलण्याची मागणी सहसा करू नये. पुढची तारीख कित्येक महिन्यांनी मिळते, आणि तुमच्या सासूबाईंना व दुभाष्याला पुन्हा आणावे लागते.